सांग त्याला

उणे एकतीस.
रात्रभर बॅटरी चुलीपाशी निजली होती,
नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखी,
जुन्या नमद्यात गुंडाळलेली.
पहाटे वडिलांनी ती पोटाशी धरून बाहेर नेली,
बसवली, आवळली,
मला म्हणाले, बस. किल्ली फिरव.

टिक.

तेवढंच. जीभ टाळूवरून सुटावी तेवढं.
मागच्या सीटवर मेंढा.
रविवारी दहाच्या आत आत-बाशीच्या बाजारात पोचलं
तरच भाव मिळतो,
हे त्याला कळत असावं. तो निवांत
सीटमधला स्पंज खात होता.

वडिलांनी सगळं केलं.
इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं,
तेल मधासारखं झालंय म्हणाले.
प्लग काढून चुलीवर भाजले, अक्रोड भाजावेत तसे.
डिस्ट्रिब्युटरचं झाकण सदऱ्याच्या आतल्या बाजूनं पुसलं.
टिक.
गाडीला शिवी दिली.
मग ती बनवणाऱ्या देशाला,
जो आता नव्हता.
टिक.

मग ते फाटकाकडे बघत राहिले.
पलीकडे शार्शेन काकांचं घर.
कुरणाच्या एका पट्ट्यावरून दोन वर्षं
त्या फाटकातून फक्त कोंबड्या ये-जा करत.
"जिपार," वडील म्हणाले, "जा, पान्हा मागून आण. चौदाचा."
चौदाचा पान्हा त्यांच्याच खिशातून डोकावत होता.

पान्हा घेऊन काका स्वतःच आले.
बॉनेटवर वाकले, वडिलांपासून हातभर अंतरावर.
दोघांच्या श्वासांची वाफ एक होत होती,
त्यांना न विचारता.

"विचार त्याला, दिवे लागतात का."
"सांग त्याला, लागतात."
"विचार, सेल्फ मारल्यावर मंदावतात का."
"सांग, जरासुद्धा नाही. सांग, बॅटरी भरलेली आहे.
सांग, एवढं मलाही कळतं."
मी स्टिअरिंगला धरून, पाय न पोचणारी,
दोन्ही गावांचं पोस्ट.

काकांनी स्टार्टरवर पान्ह्यानं ठोकलं,
आधी हळू,
मग आत कुणीतरी आहे हे ठाऊक असल्यासारखं.
टिक.
"सांग त्याला, वर सगळं ठीक आहे.
खाली बघायचं राहिलंय."

घमेलं बाजूला झालं. काका बर्फात उताणे झाले
आणि गाडीखाली सरकले. नुसते बूट दिसत होते.
बराच वेळ काही नाही.
मग खालून आवाज आला, आणि त्यात मी नव्हते:
"टॉर्च इकडे धर."

वडील गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर,
मग त्यांचेही बूटच उरले.

इंजिनाला बॉडीशी जोडणारी पट्टी,
विणलेल्या तांब्याची, वेणीसारखी, अर्थिंगची.
वरून शाबूत दिसत होती,
आत हिरवी पडून तुटलेली.
करंटला जायला वाट होती.
परत यायला नव्हती.

काकांनी ट्रॅक्टरची जाड केबल आणून जोडली.
"मार!"
हे दोघंही एकदमच म्हणाले.

गाडी खोकली, शिंकली, थरथरून उभी राहिली.
मेंढ्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"सांग त्याला," वडील माझ्याकडे बघत म्हणाले,
"चहा आहे."
"सांग त्याला, इंजिन बंद करू नको म्हणावं.
तासभर तरी."

अंगणात गाडी धूर सोडत राहिली.
आईनं वाडगे पुन्हा पुन्हा भरले,
अर्धेच, आमच्याकडची रीत:
काठोकाठ भरून दिला तर
पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं.
बोलणं झालं ते केबलबद्दल, गंजाबद्दल,
पट्टीला मीठ कुठून लागलं असेल, याबद्दल.
कुरणाचं नाव निघालं नाही.
अजूनही निघत नाही.

अकराच्या सुमारास पेट्रोल संपून गाडी आपणहून थांबली.
टाकीत होतंच किती.
सीटचा फडशा पाडून मेंढा झोपला होता.
वसंतापर्यंत तो आमच्याकडेच राहिला.

जाताना काका पान्हा विसरून गेले.
वडिलांनी तो परत पाठवला नाही.
आता आमच्या घरात चौदाचे दोन पान्हे आहेत,
आणि काकांना लागला
की ते मागायला येतात.