डाग पडतंय का

गड्ड्याचे पाळणे उभे राहिले की
माझ्या दुकानात भेगा यायला लागतात.
टाचांच्या, ओठांच्या, जास्त करून हातांच्या.
सोलापूरची थंडी थंड कमी, कोरडीच फार.

अक्कलकोट रोडवरचं मेडिकल,
दोन माणसं उभी राहिली की भरलं.
काउंटरच्या काचेवर लोक हात ठेवतात
आणि मला आधी हातच दिसतात.
डाईंगमधल्या माणसाच्या भेगेत उतरलेला निळा,
साबणाला न जुमानणारा,
पोरीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आलेला.
विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांची टोकं
भिजवायची राहून गेलेल्या पानासारखी.

नरसम्मा येमूल टॉवेलच्या कारखान्यात
घडी घालायला.
दिवसाला हजार, बाराशे.
सगळे पांढरे, सगळे कुठल्यातरी परदेशी हॉटेलचे.
टॉवेलचं कामच पिणं.
पाण्याचं तोंड अजून न पाहिलेला टॉवेल
घडी घालणाऱ्या हातापासूनच सुरुवात करतो.
तिनं तळवे काचेवर उताणे टाकले.
अंगठ्याच्या बेचक्यात चीर, उघडी, लाल.
दुखतंय असं म्हणाली नाही.
म्हणाली, धागा अडकतंय,
अख्खी ओळ उसवून येतीय.

मी ट्यूब काढली.
"यात युरिया आहे, कातडं मऊ पडतं."
"युरिया? ज्वारीला टाकतेत ते?"
"तेच. म्हणजे, ते नाही."
ती हसली. हसताना ओठही जपून ताणले.
मग ट्यूब दोनदा उलटीपालटी केली
आणि विचारलं,
"डाग पडतंय का ओ?"

तेवीस वर्षं दुकान चालवतोय.
आग होते का, वास येतो का,
शुगरवाल्याला चालतं का, याहून बारकी आहे का,
सगळं विचारून झालंय लोकांचं.
हे कुणी विचारलं नव्हतं.
चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली.
डागाचं काही लिहिलेलं नव्हतं.

रात्री लावा म्हटलं, आणि वरून मोजे घाला.
"हाताला?"
"पोराचे शाळेचे चालतील. सुती बघा."

चार दिवसांनी रस्त्यावरूनच ओरडली,
तुमच्या मोज्यापायी कडी निघंना ओ!
पहाटे तीनला नळ आला,
सगळी गल्ली भरून मोकळी,
मी आतनं दाराशी कुस्ती खेळतीय.
शेवटी दातानं ओढून काढलं.
रिक्षाची वाट बघणारे दोघं हसले,
मीही हसलो,
आणि दिवसभर ते दात आठवत राहिले.

फेब्रुवारीत आली ती पाठीमागे हात लपवून.
चीर मिटत आलेली, कडेला नव्या कातड्याची
पांढुरकी रेघ.
काचेवर एक टॉवेल ठेवला.
कोपऱ्यात पिवळसर तेलकट अंगठा,
इतका स्वच्छ उठलेला की रेषा मोजाव्यात.
"सकाळी हात धुवायचं राहिलं.
रिजेक्ट केला, पगारातनं कापला.
कापला म्हणल्यावर माझाच झाला की.
घ्या, काच पुसायला."

काच मी जुन्या बनियननं पुसतो, अजूनही.
टॉवेल घरी आहे.
बायकोनं दोनदा गरम पाण्यात घातला,
एकदा सोडा टाकून.

आता कुणी विचारलं तर सांगता येईल.
पडतो.