सुती दोरा

मोसम जुलैत उघडतो,
पण पिंजरे मी मार्चमध्येच काढतो गॅरेजमधून.
सहा होते. आता पाच.
तारेच्या ब्रशानं गंज खरवडायचा,
जाळी फाटली असेल तिथे नवी विणायची,
रबराचे हूक ताणून बघायचे एकेक.
रबर खाऱ्या पाण्यानं मरत नाही,
नुसतं टांगून ठेवल्यानं मरतं.

तळाला लोखंडी सळ्या, दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या,
नाहीतर हूड कॅनॉलची ओहोटी पिंजऱ्याला चालायला लावते,
आणि चालायला लागलेला पिंजरा
मालकाला परत भेटत नाही.
दोर शिसं भरलेला, बुडणारा.
तरंगता दोर कुणाच्या तरी मोटरीच्या पंख्यात जातो
आणि मग धक्क्यावर शिव्या आपल्याला.
बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा,
त्यावर नाव-पत्ता : एल्डन स्कोगलंड, अमुक रस्ता,
कधीही न पुसणाऱ्या शाईनं,
जी दर वर्षी पुसते.

हे सगळं शिकवलं बायकोच्या भावानं, मर्ल ताकालानं.
आणि सगळ्यात शेवटी दोरा.
सुती, साधा, मेणबिण न लावलेला,
जाडी इंचाचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही.
सुटकेचं दार त्यानंच बांधायचं.
"तुझ्या लेखी पिंजरा हरवला," मर्ल म्हणायचा,
"खेकड्यांच्या लेखी तो तिथेच आहे.
आत गेलेला मरतो, मेलेला आमिष होतो,
त्याच्या वासावर पुढचा येतो.
बाकी सगळं घट्ट बांध, एल्डन.
एवढं एक कुजेल असं बांध."

सहावा पिंजरा चार वर्षांपूर्वी गेला.
तो सापडला दोन वर्षांनी, जूनमधल्या मोठ्या ओहोटीत,
गुडघाभर समुद्रगवतात, वाकडा.
आत एकोणीस कवचं मी मोजली,
आणि जिवंत तीन,
उचलले तर हाताला वजनच लागेना.
दारावर हिरवं नायलॉन.
नवंकोरं दिसत होतं, देवाशपथ.

त्या मोसमात सहाही पिंजरे आम्ही एका संध्याकाळी बांधले होते,
तीन त्यानं, तीन मी, मध्ये बिअरचा डबा.
सुती दोरा पाचांतच संपला होता एवढं आठवतं.
मी फोन केला. म्हटलं, शिकवणारा तू, आणि तूच?
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "असेल."
त्यानंतर त्यानं फोन केला नाही, मीही नाही.
नायलॉनचा तुकडा मी खिळ्याला टांगून ठेवला,
पुरावा म्हणून.

यंदा नात आली होती, सिग्ने, नऊ वर्षांची.
माझ्या हाताकडे बघत बसली, बघत बसली,
मग स्वतः एक गाठ मारून म्हणाली,
"आजोबा, तुमची उलटी पडते."
डावखुऱ्या माणसाची पडते, म्हटलं,
पीळ डावीकडे जातो.
आणि सहज मान वर केली
खिळ्याकडे.

पीळ डावीकडे.

मर्ल उजव्या हाताचा.
शिवाय माझी गाठ त्यानं दहा वर्षं सोडवली आहे, शिव्या देत,
पहाटे, गारठलेल्या बोटांनी.
हिरवं नायलॉन म्हटल्याबरोबरच त्याला कळलं असणार.

तुकडा खिशात घातला. पूल ओलांडला.
तो शेडमध्ये होता, बोया रंगवत, पाठमोरा.
खिशातलं काढून बाकावर ठेवलं.
त्यानं बघितलं, ब्रश डब्याच्या काठावर निथळू दिला.
"आमिष काय लावतोस हल्ली?"
कोंबडीच्या तंगड्या, म्हटलं.
"म्हणूनच," तो म्हणाला.
"फ्रीजर उघड. सॅल्मनची डोकी आहेत.
खालच्या खणातली घे, वरची माझी."