सुकतीचं पाणी

बेलापूर, झेरॉक्सच्या दुकानावरचा पोटमाळा.
पाटीवर: 'जुना फोटो चालता करून मिळेल.
पाच सेकंद, दोनशे रुपये.'
मी 'हलता' सांगितलं होतं. पेंटरनं 'चालता' लिहिलं,
आणि मी ते राहू दिलं.

नवशीबाय दिवाळ्याहून आली.
टोपली उंबऱ्याबाहेर ठेवली.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रातून बापूस काढला.
हासुराम कोळी, खाडीकाठी उभा,
मागे होडीचं नाक, कोपऱ्यात बुरशी.
पुलाच्या कामावर आलेल्या कुणा इंजिनिअरनं काढलेला.
त्याच्या आधी फोटो नाही, नंतरही नाही.

स्कॅन केला.
पत्ता, माझी किल्ली,
फोटोची झालेली चार-पाच लाख अक्षरं,
आणि सूचनेच्या रकान्यात:
माणूस हळू हसतो, वारा आहे.
पाठवलं.
कुठं जातं ते मला ठाऊक नाही.
तिकडून एक नंबर येतो.
मग दर तीन सेकंदांनी आपण विचारायचं,
झालं?
रांगेत.
झालं?
रांगेत.
झालं?
सुरू आहे.
"आतमदी डाक्टर हाय का कोन?" नवशीबाय म्हणाली.

आला.
हासुराम हसला. दात सगळे, पांढरे, एका रेषेत.
बुरशीला ढग समजून यंत्रानं
ती खाडीवरून उरणकडे नेली.
त्यानं मान कलती करून आमच्याकडे पाहिलं,
विमा विकायला आल्यागत.
ती म्हणाली, "यो कोन?"

मग म्हणाली, "नाव हासुराम. पन हसं नव्हता."

दुसऱ्या खेपेला हसू काढलं,
तर हात हलवू लागला.
हात काढला,
तर चालत पुढे आला
(पाटी आठवली)
पाय पाण्यातून, आणि पाणी जागचं हललं नाही.
चौथ्या खेपेला तिकडून फक्त आकडा, ४२९.
फार विनंत्या झाल्या. थोडं थांबा.

थांबलो.
पंखा होता, तो तिच्याकडे फिरवला.
तिनं टोपलीवरचं ओलं फडकं उचलून
मला दोन चिंबोऱ्या दाखवल्या,
नांग्या सुतळीनं आवळलेल्या.
"बघ, या बी हलत नाय.
पन जित्या हायत."

तेव्हा मी ब्रश घेतला.
कपाळ, खांदे, हात,
कानामागचं विडीचं थोटूक, जे आत्ताच दिसलं,
सगळ्यावर काळा रंग भरला.
काळं ते हलवायचं नाही, असा तिकडचा नियम.
होडी काळी, काठ काळा, बुरशीसुद्धा.
उघडं ठेवलं फक्त पाणी.
सूचनेचा रकाना रिकामा.

झालं?
रांगेत.
झालं?
झालं.

हासुराम उभा. पापणीही नाही.
त्याच्या मागून पाच सेकंद पाणी गेलं,
संपलं, पहिल्यापासून परत गेलं.
नवशीबाय स्क्रीनला नाक लागेल इतकी वाकली.
बापाकडे पाहतच नव्हती.

"सुकती," ती म्हणाली.
"काय?"
"पानी भायेर चाललाय.
म्हंजे तो निंगायचा हाय अजून.
म्हंजे मी हितंच हाय,"
आणि काचेच्या बाहेर, डाव्या हाताला,
माझ्या माऊसच्या जरा वर
बोट ठेवलं.
"हितं. भाकऱ्यांचा फडका घेऊन."

मी काही बोलले नाही.
पाणी कुठल्या बाजूला जाणार
हे तिकडे एका आकड्यावर ठरतं, उचलला तो आकडा.
दुसरा पडता तर भरती आली असती,
होडी घरी परतलेली,
आणि बोट ठेवायला जागा नाही.

दोनशे दिले. पन्नास परत केले, तिनं घेतले नाहीत.
एक चिंबोरी ठेवून गेली, सुतळीसकट.

आधीचे तीन हासुराम मी पुसले.
चौथ्याचा आकडा पावतीवहीच्या पुठ्ठ्यावर
बॉलपेननं दोनदा गिरवून ठेवलाय.
तोच दिला तर पाणी बाहेरच जातं.
फोन हरवून ती परत आली, तर लागेल.