पिन

कोडोलीच्या एमआयडीसीत, शिकलगारांच्या शेडमध्ये
आम्ही दोघं बसलोय ग्रीसच्या उपड्या डब्यांवर.
बाहेर आमची बस. शाळेची होती, आता घर आहे.
आत ओटा, पलंग, आणि पाय आखडून आंघोळ करावी लागेल अशी मोरी.
ऊन तिरपं पडलं की निळ्या रंगाखालून
अजून ‘विद्यालय’ वाचता येतं.

बसच्या मागे माझी अल्टो.
तिला बरोबर न्यायचं, हे ठरलंय.
कसं न्यायचं, ते ठरत नाही.

गफूरभाई उसाच्या ट्रॉल्यांचे हुक बनवतात.
हंगामाच्या तोंडावर त्यांना जेवायला फुरसत नसते.
आज आहे, म्हणून सावकाश सांगतात:
“दोरीचं नावच काढू नका.
चढाला ओढावं लागतं, हे पोरालाबी कळतं.
पण खंबाटकीचा उतार लागला
की मागची गाडी पुढचीला ढकलायला लागती, वहिनी.
दोरीला ढकलणं सोसत नाही.”

मग त्यांनी दांडा दाखवला, दोन पायांचा,
पाय अल्टोच्या चासीला, टोक बसच्या गोळ्याला.
मग डॉली, पुढची दोन चाकं वर चढवून पट्ट्यांनी आवळायची.
मग साखळ्या, दोन, खालून फुलीसारख्या,
म्हणजे दांडा निसटलाच तर फुलीच्या झोळीत पडेल.
हे सगळं डायरीत उतरवून घेतायत.
पाटबंधारे खात्यात अडतीस वर्षं
कालव्यांचे उतार मोजलेला माणूस,
वजन विचारतो, जाडी विचारतो, वेल्डिंगला हात लावून बघतो.

मी विचारलं, “सुटतं कसं?”

“सुटायचं नाव नाही! दहा टनाची ट्रॉली
ह्याच्यावर कारखान्याला जाती.”

“तसं नाही. सोडायचं असलं तर.
रात्री. एकटीला.”

हातोड्याचा आवाज शेजारच्या शेडमधून येत राहिला.
यांचं पेन थांबलं.

चोपन्नाव्या वर्षी शिकले मी गाडी.
पोवई नाक्यावर बंद पडली, मागून हॉर्न, शिव्या,
आणि मी काच वर करून निवांत पुन्हा चावी फिरवली,
त्या दिवसापासून ती माझी.
मेढ्याला बहिणीकडे, शनिवारी, कुणाला न सांगता.
रागावून नाही. उगीच.

सकाळी चाचणीला जुना दांडा लावून बस निघाली,
मी मागच्या खिडकीत.
अल्टो येत होती पाठोपाठ,
गिअर न्यूट्रलला, किल्ली अर्ध्यावर,
आत कुणी नाही,
आणि वळणावर स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं,
जसं एखादी मान हलवते, ऐकलेलंही नसताना.

गफूरभाई उठले. आतून तीन पिना आणल्या.
पहिलीला हातोडा लागतो.
दुसरी निघते, पण एकाने दांडा उचलून धरला तर.
तिसरीला कडी आहे. अर्धा आटा, मग ओढ.
डोळे मिटून काढली. पदराला हात न पुसता,
ग्रीसच्या हातानं पुन्हा काढली.

यांनीही काढून बघितली. निघेना.
उलटा आटा देत होते.
मी काही बोलले नाही.
थोड्या वेळानं डायरीत डॉलीवर काट मारली,
“दीडशे किलोची ती, हिला एकटीला कशी सरकेल,”
असं गफूरभाईंना म्हणाले, मला नाही.

“आणि एक पिन जास्तीची द्या.”
“ठेवणार कुठं? टूलबॉक्सला?”
“माझ्या पर्समध्ये.”

आता वायर जोडून झालीये.
हे बसमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून.
मी मागे, रस्त्याच्या कडेला, अल्टोच्या दिव्यांसमोर.
“लागला का गं?”
डावा लागतोय.
उजवा अजून नाही.