फेड

मेलाकू तापला तेव्हा दीड वर्षाचा होता.
तिसऱ्या रात्री आईने अंगावरची पांढरी नेतेला
भुईवर अंथरली, त्याला तिच्यात ठेवलं,
आणि उघड्या खांद्यांनी बाहेर जाऊन
ताना तळ्याकडे तोंड करून
देवदूत गॅब्रिएलशी बोलली.
काय बोलली ते वाऱ्याला ठाऊक, आणि मला.
मी सात वर्षांची. चुलीमागे जागी.

'हा उठला तर तुझा.
तोवर मी नुसती दूध पाजणारी.'

तो उठला.
उठला तो थेट कोंबडीमागे धावला.

सावकार निदान दारात येऊन ओरडतो.
देवदूत ओरडला नाही.
सहा वर्षं गप्प राहिला,
आणि आई मेलाकूच्या शेंडीला लोणी चोपडताना
हात जरा जास्तच हलका ठेवायची,
शेजारणीचं भांडं घासताना ठेवतो तसा.

वडील म्हणाले, बैल देऊ.
तांबडा. दोन्हींतला चांगला.
नाहीतर देवळाला नवी छत्री देऊ, मखमलीची,
सोनेरी झालरीची, सणाला आख्खा गाव बघेल.
आई म्हणाली,
'मी छत्री बोलले नव्हते.'
मग वडील बराच वेळ
बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत बसले.

निघायच्या दिवशी त्याची शेंडी उतरवली.
मेंढीचं कातडं खांद्यावर, खूप मोठं,
भाजलेल्या जवाची पिशवी, पाण्याचा भोपळा,
आणि कुत्र्यांसाठी काठी.
लव्हाळ्याची होडी पाण्यात अर्धी बुडालेली,
अब्बा झेरिहुन पुढे, हा मागे.
ओरडून विचारलं त्याने,
तिकडे कोंबड्या आहेत का?
अब्बांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
आई म्हणाली, 'आहेत.'
इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आलं.

पलीकडच्या शाळेत ती पोरं
झाडाखाली बसून गेएझ घोकतात,
जी भाषा आता कुणाची आईच बोलत नाही.
आणि पोटासाठी गावोगाव हिंडतात,
मरियमच्या नावाने, दारोदार.
हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.
आमच्याही दाराशी येतच की असली पोरं,
कुठून कुठून, डोंगरांपलीकडून.

मेलाकू गेल्यावर मात्र
आई तव्यावरचा पहिला इंजेरा बाजूला काढू लागली.
पूर्वी उरलेला द्यायची, कालचा, कडा वाळलेला.
आता पहिला. गरम. वर तिखट डाळ.
वडील दुसरा खायचे, काही न बोलता.
त्या पोराला ती कधी नाव विचारत नाही.
कधी कधी त्याच्या पायांकडे बघते,
चावल्याच्या खुणा मोजल्यासारखी.

यंदा माझं लग्न ठरलं.
परवा तिच्या शेजारी बसून टेफचं पीठ ढवळताना
मी विचारलं,
मलाही ताप आला होता ना,
मेलाकू व्हायच्या आधी? आत्या सांगते,
मी काळीनिळी पडले होते.
तेव्हा काय बोलली होतीस?

ती पीठ ओतत होती तव्यावर,
कडेपासून आत, गोल गोल,
धार तुटू न देता.
'काही नाही,' म्हणाली.
'नुसती बसून होते.'
धार मध्यापर्यंत आली. तिने झाकण ठेवलं.
'सकाळपर्यंत?'
'सात रात्री.'

मी ढवळत राहिले. पीठ कधीच एकजीव झालेलं होतं.
कुणाच्या देण्यात धरली नाही तिने मला,
हे माझं नशीब म्हणू
की माझी किंमत,
अजून मनाशी ठरत नाही.

बाहेर कुत्रा भुंकला.
आईने झाकण काढलं, वाफ तिच्या तोंडावर आली,
तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले.
'जा,' म्हणाली, 'पोरगं उभं आहे.
आधी कुत्रा बांध.'