विसावा

ठोसेघरच्या सड्यावर
भुंगेऱ्यांसाठी पुरलेल्या डब्यात सकाळी
ही चिचुंद्री. करंगळीच्या दोन पेरांएवढी.
जखम नाही, अंग कोरडं, दात पांढरेशुभ्र.
भागू झोरे म्हणाला, भुकेनं.
कातळाखाली वाळवी, कोळी, पुन्हा वाळवी;
झोप म्हणजे दोन घासांमधली फट.
मिनिटाला हजार ठोके टाकणारं काळीज
एका रात्रीचा उपासही धरत नाही.

आमचा काटा पाच ग्रॅमखाली मुका.
साताऱ्यात वेदपाठकांच्या पेढीवर नेली,
काचेतल्या तराजूत निजवली.
चिमट्यानं वजनं टाकत ते म्हणाले,
पावणेदोन मासे, वर गुंजभर.
आणि सवयीनं: मोडायचंय?

त्याच संध्याकाळी वर जाऊन
बॅटरीच्या उजेडात
एकोणीस डबे उपसले.

विसावा अजून सापडत नाही.