नोंद चालू

पुन्ता अरेनासच्या नगरपालिकेत, तळमजल्यावर,
जिथे वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालतो
आणि कुणी मान वर करत नाही,
झ्लाताकडे दफनभूमीची यादी आली.
तीन हजार एकशे चाळीस ओळी.
आडनाव, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, गेल्याची तारीख.
वरून हुकूम : नाव आधी, आडनाव मागे. शुक्रवारपर्यंत.

हातानं करायचं तर डोळे जायचे.
एडिटरमध्ये सोय आहे : नोंद चालू करा,
एका ओळीवर बोटांनी एकदा करून दाखवा,
तो कळ न् कळ लक्षात ठेवतो,
मग सांगाल तितक्या वेळा तेच करतो, न कुरकुरता.

तिनं नोंद चालू केली.
स्वल्पविराम शोध. तिथवरचं कापून घे.
पुढच्या स्वल्पविरामापाशी जा, जागा सोड—
सोडायच्या आधीच करंगळी घसरली
आणि एक एन्ये उमटला,
डोक्यावर लाट घेतलेला, बिनकामाचा.
तिनं तो खोडला. जागा सोडली. आडनाव चिकटवलं.
खालच्या ओळीवर आली. नोंद बंद.

"आता प्रत्येक ओळीवर तो येणार," मी म्हणालो,
"येणार आणि खोडला जाणार. पुन्हा कर की, स्वच्छ."
"शेवटी तेच ना दिसणार?" तिनं थर्मासचं झाकण फिरवलं.

पडदा थरथरायला लागला.
मेंढपाळ, खलाशी, एक सुईण, कत्तलखान्यातले मजूर,
आठ दिवसांच्या अंतरानं गेलेली दोन भावंडं.
एकेकाच्या नावाशी एक चूक उगवत होती
आणि वाचण्याआधी विझत होती.
तिच्या बापाच्याही. तो जाळी विणायचा,
चुकलेली गाठ दातांनी सोडवायचा.
त्याची ओळ कधी सरकून गेली, दोघांनाही कळलं नाही.

मग टुंग. थांबलं.
ओळ दोन हजार दोनशे सहा.
दुसरा स्वल्पविराम सापडेना.
आडनाव कापलेलं, कुठेतरी अधांतरी;
नुसतं नाव उरलेलं, एर्मेलिंदा,
पुढे तारीख नाही, तारखेसाठी ठेवलेली जागाही नाही.

"ही सोडून पुढे जाऊ," मी म्हटलं.

झ्लातानं खुर्ची पुढे ओढली.
त्या एका बाईचं हातानं केलं.
नावापुढे, घसरून नाही, बघून,
एक एन्ये. तो थोडा वेळ तसाच राहू दिला.
मग खोडला.
जागा. आडनाव. स्वल्पविराम.
त्यापुढे काही लिहिलं नाही,
कर्सर तिथेच लुकलुकत राहिला
थर्मासमधलं पाणी निवेपर्यंत.

उरलेल्या नऊशे चौतीस ओळी जेवणानंतर.